कॅलिफोर्नियातल्या शास्ता तलावावर मासेमारीला जाणाऱ्यांनी वाचा

मंडळी, पाणी उतरलंय आणि वरचा थर तापलाय. ट्राउट मासे आता तळाच्या गार थरात दाटीने आहेत. तिथून ओढून आणलेला मासा वरच्या पाण्यात धापा टाकतो. सोडला तरी बऱ्याचदा मरतो. म्हणून दोरीला थर्मामीटर बांधून बघा: वरचं पाणी ६८ फॅरनहाइटच्या पुढे असेल, तर ट्राउट पकडून सोडणं बंद. खाण्यापुरते, मर्यादेत धरा आणि गळ गुंडाळा. हौस उरलीच तर बास जातीचे मासे आहेत की!

तलावाच्या धरणातून पाणी सोडण्यावरून कुरकुर नको. धरणातला गार साठा खाली सॅक्रामेंटो नदीतल्या हिवाळी चिनूक सॅमन माशांच्या अंड्यांसाठी राखतात. २०१४ आणि २०१५ मध्ये तो पुरला नाही, बहुतेक अंडी-पिल्लं गेली.

निघण्याआधी राज्याचे चालू नियम बघा.