जैवविविधता नोंदवही शाळेच्या हाती द्या

संपादक महाशय,

आदिवासींचे ज्ञान शिक्षणात यावे, असे धोरणांमध्ये लिहिलेले असते. शाळेत मात्र ते बहुतेक वेळा भिंतीवरच्या वारली चित्राशी येऊन थांबते. खरे तर त्यासाठी नव्या पाठ्यपुस्तकाची वाट पाहायला नको. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणल्या आणि २००४ च्या नियमांनी लोकजैवविविधता नोंदवही करण्याचे काम त्यांच्याकडे दिले. स्थानिक लोकांशी बोलून, त्यांना ठाऊक असलेले औषधी व इतर उपयोग नोंदवावेत, असे त्या नियमांतच म्हटले होते. पालघर, ठाणे, रायगडच्या आदिवासी पट्ट्यात ही नोंदवही आश्रमशाळा व जिल्हा परिषदेच्या शाळांनी गावासोबत बसून पुन्हा करावी, अशी आमची मागणी आहे.

पुन्हा अशासाठी, की पहिल्या खेपेला घाई झाली. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली होती आणि चुकणाऱ्या राज्याला महिन्याला १० लाख रुपये भरायला सांगितले होते. त्या हिवाळ्यात एका फेरीत उरकलेल्या नोंदवहीत शेवळं ही रानभाजी येणारच कशी? ती पहिल्या पावसाच्या आगेमागे थोडे दिवस जमिनीवर दिसतात. टाकळा, अळंबी, चढणीचे मासे हेही पावसाळ्याचेच. म्हणून फेऱ्या किमान चार हव्यात : मृगाच्या सुमारास, भाद्रपदात, कापणीनंतर आणि चैत्रात मोह पडतो तेव्हा.

रकान्यांचा दोष याहून गंभीर आहे. ‘कडू कांद – खाद्य’ एवढेच लिहिले तर ती नोंद घातक ठरू शकते. हा कांद चिरून राखेच्या पाण्यात उकळतात, मग वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा घालवतात, तेव्हा कुठे तो पोटात घालता येतो. शेवळांचेही तसेच. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला खाज आणतात. म्हणून भाजीत काकड या झाडाची आंबट फळे घालतात. ज्ञान आहे ते या कृतीत, आणि छापील तक्त्यातून नेमकी तीच गळते. किती राख, किती वेळ, कोणत्या खुणेवरून कांदाचा कडूपणा उतरला म्हणायचे, हे सांगणाऱ्या बाईच्या शब्दांत लिहिले पाहिजे. विज्ञानाच्या तासाला याहून चांगला धडा कोणता मिळणार?

कामाची पद्धत अवघड नाही. सातवी ते नववीच्या चार-पाच मुलांचा गट, सोबत रान ओळखणारी एक म्हातारी आणि एक म्हातारा. नाव आधी वारली, कातकरी किंवा ठाकरी बोलीत, मग मराठीत. शास्त्रीय नाव सर्वांत शेवटी. ते मुलांनी मोबाइलवर शोधून लिहू नये, एकाच नावाच्या दोन वनस्पती निघतात. पान, फूल, फळ यांचे वेगवेगळे फोटो आणि दाबलेला नमुना जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे पाठवावा. पावसाळ्यात नमुन्याचा वर्तमानपत्री कागद पहिला आठवडा रोज बदलला नाही, तर बुरशी धरते आणि सगळी मेहनत वाया जाते. नमुन्यासोबत तारीख आणि जागा लिहावी; सांगणाऱ्याचे नाव मात्र त्याची संमती असेल तरच लिहावे.

भगत-वैदूंच्या औषधांबाबत मात्र थांबून विचार करायला हवा. सांगणारा नको म्हणाला तर ते लिहायचे नाही. लिहिलेच तर गावाबाहेर जाणाऱ्या प्रतीत ते असू नये. अंतिम शिक्क्याआधी ग्रामसभेत एकेक नोंद मोठ्याने वाचावी, कारण ज्यांचे ज्ञान आहे त्यांच्यापैकी अनेकांना ती वाचता येणार नाही.

हीच शिस्त विद्यापीठांनाही लागू व्हावी. संशोधक एका व्यक्तीची सही घेतो आणि संमती मिळाली असे मानतो; पण ज्ञान सगळ्या जमातीचे असते. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(ट) ने जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मान्य केला आहे. केरळातल्या काणी जमातीचे उदाहरण बोलके आहे. १९८७ मध्ये आरोग्यपच्चा ही वनस्पती त्यांनी शास्त्रज्ञांना दाखवली, त्यातून ‘जीवनी’ हे औषध झाले, परवाना शुल्क आणि २ टक्के स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) अर्धा वाटा जमातीला देण्याचे ठरले. भारतात असा वाटा देण्याचे ते आद्य उदाहरण. तरीही जमातीत नाराजी उरली, कारण आरंभी मोजक्याच माणसांना विचारले गेले होते. तेव्हा पीएच.डी.चा प्रस्ताव मंजूर करताना ग्रामसभेचा ठराव मागावा, आणि प्रबंधाचा मराठी सारांश गावात वाचून दाखवल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये.

पैशांचेही आत्ताच ठरवावे. रानात दिवसभर मुलांना शिकवणाऱ्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते. बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्याला मानधन मिळते, तसे त्यालाही मिळावे, आणि तेही त्याच दिवशी, रोख.

– पालघर जिल्ह्यातील काही शिक्षक व वनस्पती अभ्यासक