घरचे किती आणि बाजारचे किती

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, घरच्या उत्पन्नावर खरोखर भागते का, असे तुम्ही गेल्या पत्रात विचारले होते. मीठ, साखर, चहा, तूरडाळ आणि कांदे कुडाळच्या बाजारातूनच येतात, आणि विजेचे बिल व औषधे यांसाठी लागणारा पैसा काजू-बी आणि सुपारी विकून उभा राहतो. बाकीचे मात्र जमीन देते. वीस गुंठ्यांत या वर्षी सहा क्विंटल भात झाले. भरडल्यावर सुमारे चार क्विंटल तांदूळ हाती आला, आणि तो आम्हा चौघांना वर्षभर पुरेल. कापणी झाल्यावर त्याच खाचरात, मातीतली ओल जाण्यापूर्वी, कुळीथ पेरला, त्यामुळे पिठीची चिंता उरली नाही. तेल घरच्या खोबऱ्याचे, घाण्यावर काढून आणलेले.

खरी अडचण पाण्याची आहे. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, परंतु तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत कोसळतो, आणि खालचा जांभा चाळणीसारखा असल्यामुळे एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो. म्हणून दिवाळीनंतर व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, धार असते तेव्हाच वाडीतली सगळी घरे मिळून दगड, माती आणि झाडांच्या फांद्यांचा कच्चा बंधारा घालतात, आणि अडलेले पाणी पाटाने पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडांच्या, मुळांशी पाळीपाळीने फिरवतात. लावणीही अशीच, आज आमची तर उद्या शेजाऱ्यांची. एकट्या घराने स्वयंपूर्ण होणे येथे शक्य नाही, आणि तसा हट्ट धरूही नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आई, तुला आवडेल असे काम मे महिन्यातले. पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून साली वेगळ्या करायच्या, बियांसकट गरात मीठ घालून सुटलेल्या रसात त्या साली बुडवायच्या आणि उन्हात पसरायच्या. संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात, असे साल काळी आणि मऊ होईपर्यंत चालते. हाताची बोटे तोवर जांभळी झालेली असतात. त्याच दिवसांत फणसाच्या आठळ्या धुऊन, वाळवून मातीत पुरून ठेवाव्या लागतात, आणि सुकी मासळी व सरपण माळ्यावर चढवावे लागते, कारण मृगाचा पाऊस सुरू झाला की काहीच वाळत नाही. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, ही बेगमी ज्याने नीट केली, त्याचा पावसाळा सुखाचा जातो. भर पावसात टाकळा आणि फोडशी बांधावरच मिळतात, त्यामुळे भाजी विकत घ्यावी लागत नाही.

वानरांचा उपद्रव मात्र वाढला आहे. केळीचा घड पूर्ण तयार होण्याआधीच उतरवून घरात पिकत घालतो.

या वर्षी बंधारा घालण्याच्या सुमारास दोघेही येऊन राहा. बाबांच्या गुडघ्यांना उतरणीचा त्रास होऊ नये म्हणून विहिरीपर्यंत चिऱ्यांच्या रुंद पायऱ्या बांधून घेतल्या आहेत.

तुमचा,
चिरंजीव