"हवामान नेहमीच बदलत आलंय" हे खरंच आहे, पण पुढचं कोण सांगणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तापमानाच्या नव्या उच्चांकाची बातमी आली की कोणी ना कोणी म्हणतंच, "पृथ्वी काय, नेहमीच बदलत आलीये, हिमयुगं आली नि गेली." हे खोटं नाहीये, म्हणून तर पटकन पटतं, आणि त्याचसाठी हे पत्र लिहायला बसले.

मुळात हिमयुगं येऊन गेली हे आपल्याला कळलं कुठून? अंटार्क्टिकात बर्फ थरावर थर साचत जातो, दाबला जातो, आणि त्या त्या काळातली हवा त्यात बारीक बुडबुड्यांमध्ये अडकून राहते. तिथे तीन किलोमीटरहून खोल ड्रिल करून शास्त्रज्ञांनी बर्फाचे दांडे बाहेर काढले, त्यात ८ लाख वर्षांपूर्वीपर्यंतची हवा सापडली. असा जुना बर्फ पाण्यात टाकला की तडतडतो, मी व्हिडिओत ऐकलंय तो आवाज, हजारो वर्षं कोंडलेली हवा सुटत असते आणि अंगावर काटा येतो हो ऐकताना.

त्या ८ लाख वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड १८० ते ३०० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांत इतके भाग) दरम्यानच वरखाली होत राहिला. १९५८ साली शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हा आकडा ३१५ च्या आसपास होता, आज तो ४२० च्या वर आहे. म्हणजे हिमयुग संपताना जेवढी वाढ व्हायला हजारो वर्षं लागली तेवढी आता एका माणसाच्या आयुष्यात झालीये, "नेहमीच बदलतं" म्हणताना हा वेगच कोणी बघत नाही.

मग लोक म्हणतात ज्वालामुखीतून आला असेल. पण कार्बनलाही ओळख असते, त्याचे वजनाप्रमाणे कार्बन-१२, १३, १४ असे प्रकार असतात! कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेलं, त्यामुळे काळाबरोबर आपोआप संपत जाणारा कार्बन-१४ त्यात उरलेलाच नसतो, शिवाय ते मुळात जीवसृष्टीतून आलेलं म्हणून त्यात कार्बन-१३ सुद्धा कमी असतो, कारण झाडं हलका कार्बन (कार्बन-१२) जास्त उचलतात. ज्वालामुखीच्या कार्बनमध्ये तशी १३ ची कमतरता नसते. आणि हवेत नेमका कार्बन-१३ चा वाटा घटत चाललाय, बरोबरीने ऑक्सिजनही अगदी किंचित किंचित कमी होतोय, म्हणजे काहीतरी जळतंय हे उघड आहे. सूर्याचं म्हणाल तर सूर्य तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं, इथे खालची हवा तापतीये आणि वरचा हवेचा थर, म्हणजे स्ट्रॅटोस्फिअर, थंड होतोय.

आता माझी खरी तक्रार. २०२४ हे १.५ अंशाच्या वर गेलेलं पहिलं वर्ष अशी बातमी सगळीकडे आली, पण १.५ कशापेक्षा जास्त? १८५० ते १९०० च्या सरासरीपेक्षा, हे फार कमी ठिकाणी लिहिलेलं दिसलं. वाचणाऱ्याला वाटतं दीड अंश म्हणजे काय, सकाळ-दुपारमध्ये दहा अंशांचा फरक असतो. पण शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा अख्ख्या पृथ्वीची सरासरी १८५०-१९०० च्या त्याच सरासरीपेक्षा ५ ते ७ अंशच कमी होती, आणि तेवढ्यात समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेला होता. हे कळलं की दीड अंश छोटा वाटत नाही, मला तरी तेव्हाच पहिल्यांदा खरी भीती वाटली. आणि वाढलेल्या उष्णतेतली ९० टक्क्यांच्या आसपास उष्णता तर समुद्रानेच पोटात घेतलीये, आपल्याला हवेत जाणवतीये ती उरलेल्यातलीच.

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या उच्चांकाची बातमी छापाल तेव्हा त्याच चौकटीत दोन ओळी द्या, आकडा कशाच्या तुलनेत आहे आणि तो मोजला कसा. शाळेतली मुलंही पेपर वाचतात, त्यांना निदान विचारणाऱ्याला नीट उत्तर देता येईल.

आपली,
एक नियमित वाचक