व्हॅनमध्ये गॅस हीटर चालू ठेवून झोपू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की निफाडचा पारा किती खाली गेला आणि द्राक्षबागांत शेकोट्या कुठे पेटल्या हे आपल्या पेपरात रोज येतं, ते आम्ही आवडीने वाचतो. पण याच थंडीशी जोडलेली एक गोष्ट कुणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र. हल्ली गंगापूर डॅमच्या बॅकवॉटरला, त्र्यंबकच्या बाजूला, भंडारदऱ्याला कॅम्पर व्हॅन घेऊन मुक्कामाला जाणारे खूप वाढलेत. ट्रॅव्हलरमध्ये बेड-किचन बसवून भाड्याने देणारेही झालेत, आणि चांगलंच आहे ते, पोरांनी फिरावं. माझ्या भाच्याने गेल्या हिवाळ्यात अशीच एक गाडी घेतली तर तिच्यात गरम राहायला म्हणून छोटा गॅस हीटर आणि ५ किलोचा सिलिंडर दिलेला, वर सांगितलं की "काच थोडी खाली ठेवा, रात्रभर चालला तरी काही होत नाही." हे साफ चुकीचं आहे.

असे बरेच हीटर मुळात प्रोपेनच्या छोट्या बाटलीवर चालायला बनवलेत. आपल्याकडे ॲडॉप्टर लावून एलपीजीवर चालवतात, आणि एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, त्यात जोडणी कुणी केली, रेग्युलेटर कुठला लावला याचा काही पत्ता नसतो. गॅस गळाला तर तो हवेपेक्षा जड, म्हणून खाली फ्लोअरवर साचतो आणि आपली गादी तिथेच. पण त्याला निदान वास घातलेला असतो, नाक सांगतं. खरी भीती कार्बन मोनॉक्साईडची. त्याला ना रंग ना वास. बंद जागेत ऑक्सिजन कमी पडायला लागला की गॅस नीट जळत नाही आणि हा वायू तयार होतो, तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त जोराने चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, माणसाला वाटतं प्रवासाचा थकवा आहे किंवा ढाब्यावरचं जेवण बाधलं, आणि तो परत आडवा होतो. कोविडपासून घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे उपयोगाचं नाही, कारण त्याला ऑक्सिजन चिकटलेलं आणि हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही, ते ९८ दाखवत राहतं.

काही जण म्हणतात आमच्या हीटरला सेन्सर आहे. आहे, पण तो ऑक्सिजन कमी झाला की पायलटची, म्हणजे बर्नर पेटवणारी छोटी, ज्योत हलून गॅस बंद करणारा आहे, कार्बन मोनॉक्साईड तो मोजतच नाही. आणि जाळी किंवा बर्नर धुळीने भरला असेल तर ऑक्सिजन पुरेसा असतानाही हा वायू बनू शकतो.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमध्ये दामन इथे केरळचे ८ पर्यटक, त्यात लहान मुलंही होती, रिसॉर्टच्या एका खोलीत गॅस हीटर लावून झोपले ते उठलेच नाहीत. ती तर हॉटेलची खोली होती, व्हॅन तिच्यापेक्षा कितीतरी लहान. बातमी वाचून मला कितीतरी दिवस चैन पडलं नव्हतं, आणि तरीही आपल्याकडे तेच हीटर गाडीत ठेवून देतायत.

शिवाय १ किलो गॅस जळला की दीड लिटरच्या वर पाणी वाफ होऊन गाडीतच राहतं, सकाळी काचा आणि गाद्या ओल्या ते त्यामुळेच.

गरम राहायचंच असेल तर डिझेल हीटर बसवता येतो, तो जळायला हवा बाहेरून घेतो आणि धूर पाइपाने बाहेर सोडतो, फक्त बसवणारा जाणता पाहिजे आणि पाइप कुठे लीक नको. नाहीतर गॅस हीटर झोपायच्या आधी दोन्ही बाजूच्या काचा उघड्या ठेवून थोडा वेळ लावा, जागे असताना, आणि मग बंद करून सिलिंडरचा कॉकही बंद करा. पुढे गरम पाण्याची पिशवी, गोधडी आणि कानटोपी, नाशिकच्या थंडीला एवढं पुरतं हो. कुणाचं डोकं जड झालं तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना हीटर चालू होता हे आवर्जून सांगा, नाहीतर ते ॲसिडिटीचं औषध देतील.

माझी मागणी एवढीच आहे की भाड्याच्या प्रत्येक कॅम्परमध्ये कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म सक्तीचा करावा आणि आरटीओने पासिंगच्या वेळी तो बघावा. गॅस गळतीचा अलार्म वेगळा असतो, तो दाखवून भागवू देऊ नये. आणि तोवर वाचकांनी गाडी ताब्यात घेतानाच अलार्मचं टेस्ट बटण दाबून बघावं, वाजला नाही तर दुसरी गाडी मागावी.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक