वाळूचा किल्ला आणि आपला कापूस

रॅले, नॉर्थ कॅरोलिना

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

खामगावच्या बाजाराच्या गोष्टी सांगताना "अमेरिकेच्या लढाईत कापसाला सोन्याचा भाव आला होता" असं तुम्ही नेहमी म्हणता. त्या लढाईतला, म्हणजे 1861 ते 1865च्या अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातला, दक्षिणेचा एक किल्ला नुकताच पाहून आले. म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे.

फोर्ट फिशर आमच्या इथून गाडीने अडीच-तीन तासांवर, केप फिअर नदी अटलांटिकला मिळते तिथे आहे. किल्ला म्हटलं की आपल्याला नरनाळ्याचा तट आठवतो. इथे गवताने झाकलेले वाळूचे प्रचंड ढिगारे आहेत. 1862च्या एप्रिलमध्ये जॉर्जियातला दक्षिणेच्या ताब्यातला फोर्ट पुलास्की हा विटांचा किल्ला उत्तरेच्या सैन्याने नव्या तोफांनी तीस तासांत पाडला. तो बांधायला जवळजवळ अठरा वर्षं लागली होती! वाळूत मात्र गोळा रुततो, तट फुटत नाही. त्याच वर्षी जुलैत दक्षिणेचा कर्नल विल्यम लँब इथे आला आणि त्याने समुद्राकडे मैलभर, जमिनीकडे मैलाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी वाळूची भिंत उभी केली. चाळीसहून जास्त तोफा, पुढे लाकडी कुंपण, वाळूत पुरलेले सुरुंग.

हे सगळं उभं केलं कुणी? सैनिकांबरोबर शेकडो गुलामांनी. लुंबी या इथल्या मूळ रहिवाशांनाही जबरदस्तीने कामाला जुंपलं होतं. ज्या गुलामांना बेडीत ठेवण्यासाठी दक्षिणेची राज्यं लढत होती, त्यांच्याच हातांनी ही वाळू वाहवून घेतली. लँबच्या हुशारीचं कौतुक ऐकताना हे माझ्या मनातून जाईना. किल्ल्याची गोष्ट सांगताना हे आधी सांगायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

आता आपल्या कापसाकडे येते. उत्तरेचा राष्ट्राध्यक्ष लिंकनने 1861च्या एप्रिलमध्ये दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला. तो शोधत व्यापारी मुंबईला आले. वऱ्हाडातून बैलगाड्यांच्या रांगा निघाल्या. खामगावला तेव्हा रेल्वे नव्हती, जलंबहून फाटा आला तो 1870मध्ये. इकडे केप फिअर नदीवरच्या विल्मिंग्टन बंदरातून वेगवान बोटी रात्री नाकेबंदी चुकवून कापूस बाहेर नेत आणि बर्म्युडा, नासाऊ या ब्रिटिशांच्या बंदरांहून बंदुका, बूट, खारवलेलं मांस आणत. त्या बोटींना तोफांचं छत्र द्यायचं, हेच फोर्ट फिशरचं काम. शेवटी शेवटी दक्षिणेचा सेनापती जनरल ली याच्या सैन्याचं पोट याच बंदरावर होतं.

म्हणून उत्तरेने घाव इथेच घातला. 1864च्या डिसेंबरात दोनशे टनांहून अधिक तोफेची दारू भरलेलं जहाज किनाऱ्याजवळ उडवलं. किल्ल्याला ओरखडाही आला नाही. जनरल बटलर सैन्य उतरवून परत फिरला, त्याची उचलबांगडी झाली. जानेवारीत जनरल टेरी सुमारे आठ हजार सैनिक घेऊन आला. ॲडमिरल पोर्टरच्या आरमाराने दोन दिवस आग ओकली, सुरुंगांच्या तारा तुटल्या, तोफा निकामी झाल्या. 15 जानेवारी 1865ला नदीकडच्या दारातून सैनिक आत घुसले आणि एकेका ढिगाऱ्यासाठी हातघाईची लढाई झाली. कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणी उत्तरेकडची फळी अडवून उभ्या होत्या, मदतीला येणाऱ्या दक्षिणेच्या सैन्याला त्यांनी वाट दिली नाही. रात्री दहाच्या सुमारास किल्ला पडला. दुसऱ्या सकाळी दारूकोठार उडालं, त्यातही माणसं गेली.

फेब्रुवारीत विल्मिंग्टन पडलं, 9 एप्रिलला लीने शस्त्रं ठेवली. मुंबईत कापसाचा भाव कोसळला, समुद्रात भर घालून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरांची माती झाली, पेढ्या बुडाल्या.

जेमतेम चार वर्षं कामात आलेला हा किल्ला. पुढे रस्त्याच्या भरावासाठी किनाऱ्यावरचा खडक काढला, मग समुद्राने तट गिळायला घेतला. दुसऱ्या महायुद्धात जमिनीकडच्या भिंतीतून विमानांची धावपट्टी काढली. 1990च्या दशकात दगडी बांध घातला, तेव्हा उरलेलं वाचलं.

बाबा, तुमच्या गोष्टीतली तेजी शेतकऱ्याच्या हाती किती पडली आणि सावकाराच्या किती, हे जुन्या माणसांकडून काही कळलं असेल तर नक्की लिहा. मला ते खरोखर जाणून घ्यायचं आहे.

आईला नमस्कार. गुडघ्याचं औषध चुकवू नका.

तुमची,
नंदा