स्लॅब तपासायला घरात कोणी आलंच नाही : नागपूरहून गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

महोदय, गेल्या मंगळवारी पहाटे पावणेपाच वाजता माझ्या आईच्या अंगावर छत पडलं. पूर्ण स्लॅब नव्हे, स्लॅबच्या खालचा थर. आई ७८ वर्षांची आहे. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, डोक्याला सात टाके पडले. सध्या ती सरकारी दवाखान्यात आहे. आपल्याला लिहिण्याचं धाडस एरवी केलं नसतं, पण आता जायला दुसरं दार उरलेलं नाही.

मी दक्षिण नागपुरातल्या एका सरकारी वसाहतीत राहते, सर्वांत वरच्या म्हणजे दुसऱ्या मजल्यावर. घर २६० चौरस फुटांचं. वडील मिलमध्ये होते, त्यांना १९७६ साली हे वाटपात मिळालं. मी घरीच शिवणकाम करते. वसाहत ज्या कार्यालयाकडे आहे त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की एखाद्या लिपिकाला नोटीस निघेल आणि प्रकरण मिटलं म्हणतील.

त्या पहाटे आधी रेती सांडल्यासारखा आवाज आला. मला वाटलं उंदीर असेल. मी कूस बदलली. ती कूस बदलण्याऐवजी उठून आईला ओढलं असतं तर, हे आठ दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. मग धप्प झालं आणि खोलीभर पांढरी धूळ. आई ओरडलीसुद्धा नाही. लाइट लावला तेव्हा ती खाटेवर बसलेली, केसांत चुना, आणि पदराने माझ्या मशीनवरची धूळ पुसत होती. तिला कळलंच नव्हतं की रक्त येतंय.

सकाळी खालच्या भाजीवाल्या भाऊंनी सर्वांत मोठा ढेपा आपल्या काट्यावर ठेवला. ९ किलो ७०० ग्रॅम. त्याच्या पोटात सळईचा वीतभर तुकडा होता. कधीकाळी करंगळीएवढी जाड असेल, आता आगकाडीएवढी उरली आहे, आणि नखाने खरवडली तर कांद्यासारखे पापुद्रे निघतात. तो ढेपा मी तांदळाच्या पोत्यात घालून दाराजवळ ठेवला आहे.

माझे मिस्टर सेंटरिंगचं, म्हणजे स्लॅब ओतताना खाली फळ्या-टेकू लावायचं काम करायचे. चार वर्षांपूर्वी गेले. स्लॅब कसा ओळखायचा ते त्यांनी मला शिकवलं होतं. हातोडीच्या दांड्याने ठोकायचं. भरीव स्लॅब टणक वाजतो, सुटलेला भदभद वाजतो. ते सांगायचे, सळईभोवती काँक्रीटचं जे कवच असतं ते तिला जपतं. वर्षानुवर्षं ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत गेला की कवचाचा तो गुण संपतो आणि लोखंड गंजायला लागतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. जागा मिळाली नाही की काँक्रीट फोडतो. आपलं नागपूर तर त्याला पोसायलाच बसलं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. गच्ची दिवसभर तापते, रात्री निवते, त्या फुगण्या-आकसण्यात बारीक भेगा पडतात आणि मृगाचं पाणी सरळ त्या भेगांतून खाली येतं. आमच्या गच्चीवरचा कोबा जागोजागी उखडला आहे. उरलेली कसर कूलर भरून काढतात. घरोघरी खिडकीबाहेर सज्जावर कूलर, त्यातून चार महिने पाणी झिरपतं, सज्जे सडतात. पण कूलर काढून गच्चीखालच्या घरात उन्हाळा काढून दाखवा कोणीतरी.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या इमारतींची पाहणी झालेली आहे. कागदावर झालेली आहे.

दोन वर्षांपूर्वी, पोळ्यानंतरच्या मारबतीच्या दुसऱ्या दिवशी, एक साहेब आणि त्यांच्यासोबत गळ्यात ओळखपत्र घातलेला विशीतला मुलगा आला होता. साहेब चौकात उभे राहून म्हणाले, स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी करून राहिलो, दिवाळीच्या आत अहवाल, दिवाळीनंतर काम सुरू. आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मी चहा केला सगळ्यांना. मुलाने जिन्याच्या भिंतीवर लाल ऑइल पेंटने नंबर टाकले आणि मोबाइलवर बाहेरून फोटो काढले. मी म्हटलं, बाळा, वर ये, माझं छत पाहा. तो म्हणाला, "खालूनच दिसून राहिलं न काकू." सकाळी दहाला आले आणि दोनला गेले. ११ इमारती, प्रत्येकीत १२ घरं, एकूण १३२. चार तासांत १३२ घरं म्हणजे एका घराला दोन मिनिटंही नाहीत, आणि त्यातही कोणाच्या उंबऱ्याच्या आत पाय पडला नाही.

दिवाळी गेली. पुढची दिवाळीही गेली. मी दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीचा अधिकार टाकला. ३० दिवसांत उत्तर द्यायचा कायदा आहे, मला ५२ दिवसांनी मिळालं. चार पानं. आमची इमारत 'सी-२ ब' गटात टाकली आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते : सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करा. सी-२ अ म्हणजे पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२ ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. आणि त्या कागदावर माझ्या घराच्या नंबरासमोर एक रकाना आहे, 'आतील पाहणी'. त्यात लिहिलंय : होय. पुढचा रकाना, 'छताची स्थिती'. त्यात : समाधानकारक.

साहेब, मी तो कागद आईच्या खाटेशेजारी बसून पुन्हा वाचला. तिच्या डोक्याला पट्टी आणि माझ्या हातात 'समाधानकारक'. हे कोणी लिहिलं? कोणत्या खुर्चीवर बसून लिहिलं?

ऑडिट कसं करतात हे आता मला पाठ झालं आहे, कारण ठेच लागलेल्या माणसाला सगळं शिकावं लागतं. आधी डोळ्यांनी प्रत्येक खोली, प्रत्येक न्हाणीघर बघायचं. मग रिबाउंड हॅमरने काँक्रीटचा वरचा टणकपणा. मग अल्ट्रासोनिकने आतल्या भेगा आणि पोकळ्या. मग हाफ सेल चाचणीने सळईला गंज लागण्याचा संभव किती ते. शंका असेल तिथे कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, कापून प्रयोगशाळेत. आमच्याकडे यातलं एकही यंत्र आलं नाही, आलं असतं तर मी बघायला सर्वांत पुढे उभी राहिले असते. माझ्या हातोडीचा दांडा त्यांच्या अहवालापेक्षा खरं बोलतो. गेल्या उन्हाळ्यात मी ३२ घरांचं छत स्वतः ठोकून पाहिलं. १९ घरांत निदान एका खोलीत भदभद आवाज आला. बाकीच्या घरांचं बायकांनी सांगितलं त्यावरून निम्म्याहून जास्त वसाहत टपकते. हा माझा हिशेब आहे, चुकला असेल तर येऊन दुरुस्त करा. निदान मी घरात जाऊन केला आहे.

तेच वायरिंगचं. अजून जुन्या ॲल्युमिनियमच्या तारा, त्या काळी एक पंखा आणि दोन बल्ब धरून टाकलेल्या. आज त्यावर कूलर, फ्रिज, मोटर. मे महिन्यात जिन्यातल्या बोर्डातून जळका वास येतो. बिडाचे सांडपाण्याचे पाईप तडकलेत. खालच्या वहिनींच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून वरच्या संडासाचं पाणी पाझरतं, आणि त्या तिथेच पोळ्या लाटतात. जिन्याला एका बाजूचा कठडा नाही. आईला स्ट्रेचरवरून खाली नेताना चार पोरं भिंतीला घासत उतरली. अहवालात यातली एक ओळ नाही.

गेल्या बुधवारी मी कार्यालयात गेले. टेबलावरच्या साहेबांनी सांगितलं, घरं भाडे-खरेदीने, म्हणजे हप्ते फेडून, तुमच्या नावावर झाली आहेत, इमारत तुमची, दुरुस्ती तुम्ही करा. बरं. मग मी म्हटलं, आम्ही वर्गणी काढून पुनर्विकासाला जातो. तर म्हणाले, जमीन आमची आहे, ना हरकत प्रमाणपत्राशिवाय वीट हलवता येणार नाही. म्हणजे पडायच्या वेळी इमारत आमची आणि बांधायच्या वेळी जमीन तुमची. ४५ वर्षं हप्ता, भाडं, सेवाशुल्क, सगळं आम्ही भरलं. माझ्याकडे १९७६ पासूनच्या पावत्या पत्र्याच्या डब्यात आहेत. अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन रहिवाशांच्या नावावर करणं, का झालं नाही हे विचारलं तर साहेब पंखा मोठा करायला उठले.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम २६५ अ आहे. ३० वर्षं झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी झालीच पाहिजे, असं ते सांगतं. आमच्या इमारतीला ३० वर्षं होऊनच १९ वर्षं उलटली. कायदा फक्त आमच्यावर लागू आहे का? शिवणकाम करून महिन्याला नऊ-दहा हजार मिळवणाऱ्या बाईने इंजिनिअर आणायचा, आणि ज्यांच्या दारात इंजिनिअरांची फौज आहे त्यांनी खालून फोटो काढायचे?

मुंबई बेटावरच्या जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्तीचं वेगळं मंडळ झालं. तिथे उपकर आहे, पावसाळ्याआधी दरवर्षी पाहणी होते, अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते, तात्पुरतं राहायला संक्रमण शिबिरं आहेत. तिथेही इमारती पडतात आणि माणसं मरतात हे मला माहीत आहे. त्या लोकांचा मला हेवा नाही. मुंबईच्या बीडीडी चाळीतल्या माणसांना ५०० चौरस फुटांची घरं मिळताना टीव्हीवर पाहिली तेव्हा मला आनंद झाला, आईने तर हात जोडले. पण विदर्भातल्या गंजलेल्या सळईसाठी असं एकही मंडळ का नाही? इथलं लोखंड वेगळं आहे का?

१९५३ च्या नागपूर करारामुळे तुमचं सरकार दर हिवाळ्यात इथे येतं. अधिवेशनाआधी रवी भवन, नाग भवन, आमदार निवास यांची डागडुजी होते, रंग लागतो, नवे पडदे येतात. दोन आठवड्यांच्या मुक्कामासाठी दरवर्षी. आम्ही इथे बारा महिने राहतो. विदर्भाचं वैधानिक विकास मंडळ १९९४ ला झालं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. दाद मागायची एक जागा होती, तीही गेली. '२०२२ पर्यंत सर्वांना घर' असं २०१५ साली सांगितलं होतं. ज्यांना घर नाही त्यांना मिळालंच पाहिजे, त्यात मी कोण आडवी येणार? पण नव्या घराच्या चाव्या देताना फोटो निघतो, जुन्या घराच्या सळईला लेप लावताना निघत नाही, म्हणून आमचं घर कुठल्याच योजनेत बसत नाही. आमच्या घराला सरकारने दरवाजा दिला, छप्पर दिलं, आणि पाठ फिरवली. ज्याने बांधलं त्याने विचारायचं नाही तर कोणी विचारायचं?

मला मोठं घर नको, मोफत घर नको. खरी पाहणी पाहिजे. १३२ घरांच्या आत माणूस आला पाहिजे, यंत्रं घेऊन, आणि प्रत्येक घराच्या बाईसमोर छत ठोकलं पाहिजे. अहवाल मराठीत जिन्यात लागला पाहिजे आणि ज्याने तपासलं त्याची सही त्याखाली पाहिजे. ज्या घरांचा स्लॅब सुटला आहे तिथे आजच्या आज टेकूच्या बल्ल्या लावल्या पाहिजेत, त्याला निविदा लागत नाही, मिस्टर दोन तासांत लावायचे. आणि इमारत कोणाची हे एकदा लेखी ठरलं पाहिजे. तो खोटा 'होय' कोणी लिहिला त्याची चौकशी करा असंही म्हणणार होते, पण त्याने माझ्या आईचं हाड जुळणार नाही, आणि पुन्हा एखादा कंत्राटी पोरगाच सापडेल.

माझं मशीन बंद आहे. चाक तडकलं. शाळेच्या गणवेशांचा सीझन आहे, ४० शर्ट कापून पडले आहेत, धूळ बसलेल्या त्याच खोलीत. रात्री मी दारात बसून हातशिलाई करते, कारण आत झोपायची हिंमत होत नाही. लेक म्हणते माझ्याकडे ये. तिचंही घर याच वसाहतीत आहे, सहा नंबरच्या इमारतीत, तिचं छत मी ठोकून पाहिलेलं आहे.

डॉक्टर म्हणाले, शनिवारी आईला घरी नेऊ शकता. तिला पाठीवरच झोपवायचं आहे, सहा आठवडे, वर बघत. आतल्या खोलीत स्लॅब उघडा पडलाय, बाहेरच्या खोलीत ठोकलं की भदभद वाजतं. तिची खाट कुठे टाकू, एवढं शनिवारच्या आत कोणीतरी येऊन सांगा.

आपली,
दक्षिण नागपुरातल्या सरकारी वसाहतीतली एक रहिवासी
(इमारत क्रमांक ४, दुसरा मजला)