माझ्या दातांच्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार. बाळ झोपलंय तोवर लिहून टाकते.

माझ्या पुढच्या दोन दातांमधली ती लालभडक गाठ आठवतेय ना? ब्रश नुसता टेकला तरी रक्त यायचं. आधीच्या दवाखान्यात ‘बाळंतपण होऊ दे, मग बघू’ म्हणून परत पाठवलं होतं. तुम्ही मात्र लगेच खुर्चीत बसवलंत. गरोदरपणात हार्मोन्स वाढतात, हिरड्यांचा रक्तपुरवठा वाढतो आणि एरवी खपून जाणाऱ्या जराशा प्लाकनेही, म्हणजे दातांवर साचणाऱ्या चिकट थरानेही, त्या सुजतात, हे हातात आरसा देऊन दाखवलंत. अशा गाठी कॅन्सरच्या नसतात, बाळंतपणानंतर बहुतेक आपोआप ओसरतात, असंही म्हणालात. माझी ओसरली.

दात साफ करायच्या वेळी सातवा महिना होता. उताणं झोपलं की पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन चक्कर येऊ शकते, म्हणून उजव्या कमरेखाली उशी सरकवून तुम्ही मला थोडं डाव्या अंगावर केलंत. भुलीचं इंजेक्शन भरतानाच ‘लिडोकेन आहे, गरोदरपणात चालतं’ हे मी विचारायच्या आत सांगितलंत.

सगळ्यात जास्त आभार मात्र एका उत्तराचे. ‘हिरड्या बिघडल्या की बाळ वेळेआधी होतं म्हणे?’ असं मी रडवेली होऊन विचारलं होतं. दोन्हींचा संबंध काही अभ्यासांत दिसलाय, पण गरोदरपणात हिरड्यांवर उपचार केल्याने वेळेआधीची बाळंतपणं कमी होतात असं मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. उपचार सुरक्षित आहेत आणि ते तुमच्या दातांसाठी करायचे, असं सरळ सांगितलंत. भीती घालून फाइल जाड करणं सोपं होतं की!

बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, हा सासूबाईंचा सिद्धांतही तुम्ही हसत खोडलात, त्यांच्यासमोरच! (त्यांना अजून पूर्ण पटलेलं नाही.) उलटीनंतर लगेच ब्रश न करता पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरायची, ही युक्ती मात्र आता त्याच सगळ्यांना सांगतात.

बाळाला पहिला दात आला की घेऊन येते. वर्षाच्या आत दाखवा म्हणाला होतात. माझ्या मागच्या दाढेजवळची हिरडी पुन्हा मोजायची राहिलीय, तीही तेव्हाच बघा.

तुमची पेशंट